तुझ्या मापाची नसलेली सायकल

शालिक,

तुझी सायकल तुझ्या मापाची नव्हती, आणि हे मला ती घेण्याच्या आधीपासून माहीत होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, सायकल ग्रूपमधल्या कुणाजवळ नाही. तू होतास तोवर तुझ्याजवळ तर नाहीच. आता तू गेल्यावर बोलतोय, यात काही मोठेपणा नाही हे मला कळतं. ऐकणारा उठून निघून गेला की खरं बोलायला काय लागतं?

सावली गावात तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलताहेत. पुराच्या वेळी तू डोंग्यातून माणसं काढलीस ते, तलावातल्या मासेमारीचा ठेका बाहेरच्यांच्या हाती जाऊ दिला नाहीस ते. तसलं दुसरे लिहितील. मला लिहायचंय ते तुझ्या पडवीत, जाळ्यांच्या शेजारी, टांगून ठेवलेल्या एका निळ्या सायकलीबद्दल.

तुला साखर निघाली तेव्हा गडचिरोलीहून तू घरी न जाता थेट पंचायत समितीत माझ्या टेबलापाशी आला होतास. मी बिलं लावत होतो. तू खुर्ची ओढून बसलास आणि म्हणालास की डॉक्टर म्हणतो, रोज चालायला जा, नाहीतर सायकल चालव. "चालाले मले लाज वाटते बे. गावातले म्हनतीन, शालिकले काम नाई का? सायकल पाह्यतो मी." आणि लगेच पुढे: साधी नाही. वैनगंगेच्या पुलावरून रविवारी सकाळी वाकून जाणारी माणसं जातात ना, तसली. मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल असलेली.

तुझं ते मेंढ्याचं शिंग माझ्या डोक्यात बसलं. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत चाळिशी ओलांडलेल्या माणसानं आपल्यासाठी म्हणून काही हवंसं म्हणायचं असतं हेच मी विसरलो होतो. तुझ्या हौसेवर मी माझी हौस बांधली. जेवणाच्या सुटीत मोबाइलवर सायकलींचे व्हिडिओ पाहायचो आणि संध्याकाळी पानठेल्यावर तुला शिकवायचो. मूल गावातल्या दुकानात आपण गेलो तेव्हा दुकानदारानं जाड टायरच्या, पुढे स्प्रिंगा बसवलेल्या, पोरांना आवडणाऱ्या सायकली दाखवल्या. तू एक उचलून पाहिलीस आणि म्हणालास, "हे तं रेडा आहे." पातळ टायरची नवी घ्यायची तर दोघांचे पैसे मिळूनही एक आली नसती. म्हणून ठरलं, जुनी बघायची, पण चांगली. मी तुला नियम सांगितले. रंगावर जायचं नाही. गिअर किती आहेत ते मोजायचं नाही. फ्रेमला कुठे चीर आहे का बघायचं, चाक फिरवून लचकतं का बघायचं. सगळे पैसे सायकलीत घालायचे नाहीत. हेल्मेट, पंप आणि पातळ ट्यूबा इकडे मिळत नाहीत, त्यासाठी राखून ठेवायचे. आणि या सगळ्याच्या आधी माप. सायकल अंगाची नसेल तर फुकट मिळाली तरी घ्यायची नाही.

हे मी सांगितलं होतं, शालिक. मीच.

तुझ्या अंगणात आपण मापं घेतली तो दिवस आठवतो? भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभं राहायचं, मांड्यांमध्ये पुस्तक घट्ट वर सरकवायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. पुस्तक नव्हतं म्हणून तू मासे कापायचा पाट आणलास. मंदावहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या पदर तोंडात धरून हसत होत्या. "लग्नाच्या वक्ती एवढं मोजून पाह्यलं असतं तं बरं झालं असतं," म्हणाल्या. तू पाट तसाच धरून म्हणालास, "तवा तुह्या बापानं घाई केली." आधी तुझं माप घेतलं, मग माझं. दोघांचं सारखं निघालं. तुला त्याचा केवढा आनंद झाला होता. भाऊ असतो तर असंच असतं म्हणालास.

पैसे वहिनींचे होते हेही मला माहीत होतं. घरात फरशी बसवायला त्यांनी बाजूला ठेवले होते. तुझ्या साखरेच्या नावाखाली त्यांनी ते दिले, आणि देताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "विजूभाऊ, तुमी सोबत आहा म्हून देऊन राह्यलो."

नागपूरचा माणूस तूच शोधलास. तू ज्याला मासे पाठवायचास त्या व्यापाऱ्याच्या ओळखीचे ते गृहस्थ. दोन मुलं होती त्यांची, दोघंही सायकली चालवायची आणि दोघंही नोकरीला परदेशी गेली. सायकली वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या. किंमत आपल्या आवाक्यातली होती, कारण त्यांना पैशापेक्षा खोली मोकळी करायची घाई होती. माशांच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून आपण गेलो. नागभीडच्या रेल्वे फाटकात गाडी अडकली तेव्हा तू मला आलूबोंडा खाऊ घातलास आणि स्वतः खाल्ला नाहीस. "साखर आहे मले," म्हणालास, जसं काही आलूबोंड्यात साखर असते.

त्यांनी कापड काढलं. एक सायकल निळी, मोठ्या मुलाची. तो मुलगा सहा फूट उंच, त्याचा फोटो भिंतीवरच होता. दुसरी काळी, धाकट्याची, लहान फ्रेम. मी काळीपाशी उभा राहिलो आणि दांड्यावरून पाय टाकला. पाय दोन्ही जमिनीला टेकले, अंग आणि दांडा यांच्यात बोटभर जागा राहिली. हँडलला हात गेले ते आपसूक गेले. मला कळलं, हीच. आणि त्याच क्षणी हेही कळलं की ही तुझीही आहे. आपलं माप एक होतं. माणूस तू शोधलेला. गाडी तू ठरवलेली. साखर तुला.

एवढंच म्हणायचं होतं, की शालिक, आज एकच घेऊ, काळी, तुझ्यासाठी. माझी पुढे कधी मिळेल. तेवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

तू निळीभोवती फिरत होतास. तिला गिअर जास्त होते, रंग चकाकत होता. तू म्हणालास, "दोघीयची किंमत सारखीच आहे, तं मोठी काऊन सोडाची?" आपल्याकडची रीतच ती. शाळेचा सदरा घ्यायचा तर पुढच्या दोन वर्षांचा, चप्पल घ्यायची तर बोटभर पुढे राहिलेली, लग्नात भांडं द्यायचं तर एक माप वरचं. त्याच पैशात जास्त पितळ, जास्त कापड, जास्त सायकल. माप म्हणजे माप हे तू पाठ केलं होतंस, पण समोर मोठी वस्तू दिसल्यावर जुनं शहाणपण वर आलं. ती चूक तुझी. ती दुरुस्त करायला मी तिथे होतो. वहिनींनी मला त्याचसाठी पाठवलं होतं.

तू निळीवर पाय टाकलास. "विजू, दांडा लागून राह्यला बे," म्हणालास. टाचा उचलून उभा होतास.

आणि मी म्हणालो, "तुझे हात जाळं फेकून फेकून लांब झालेत, शालिक. लहान सायकल तुला कोंडेल. दांड्याची सवय होते."

तू आपले हात पुढे करून पाहिलेस. खूश झालास. इतकी वर्षं तलावात घातली त्याचा कुठेतरी उपयोग झाला, असं तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. मी खोटं बोललो, आणि खोटं बोलताना तुला चांगलं वाटेल असं बोललो. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

परत येताना दोन्ही सायकली बर्फाच्या रिकाम्या पेट्यांवर आडव्या टाकल्या होत्या. पुढचे कितीतरी दिवस माझ्या सीटला मरळ माशांचा वास येत होता.

मग सकाळी निघायचो. उजाडल्याशिवाय जंगलाच्या पट्ट्यात शिरायचं नाही, म्हणून आपण उलट बाजूनं, व्याहाडकडे, नदीच्या पुलाकडे. धानाच्या बांध्यांमधून धुकं उठत असायचं. मी पुढे, तू मागे. सुरुवातीला तू खूप बोलायचास, मग कमी बोलायला लागलास. मान धरते म्हणायचास. तळहाताला मुंग्या येतात, दिवसभर बोटं बहिरी राहतात, जाळ्याची दोरी हातात आहे की नाही कळत नाही. मी सीट खाली कर म्हणालो, पुढे सरकव म्हणालो. ते उपाय नव्हते, तुला गप्प करणं होतं. लांब फ्रेमवर माणूस ताणून आडवा पडतो, सगळा भार हातावर येतो. मला माहीत होतं.

व्याहाडच्या चौकात बैलगाडी आडवी आली आणि तू थांबलास. पाय जमिनीला पोचला नाही. सायकलीसकट आडवा झालास, टपरीवरच्या सगळ्यांसमोर. कुणीतरी ओरडलं, शालिकभाऊ, डोंग्यातून नाई पडले कधी अन् सायकलवून पडले. सगळे हसले. तूही हसलास. मीही हसलो, शालिक. तुझ्या कोपरातून रक्त येत होतं.

त्यानंतरची एक सकाळ मला सोडत नाही. पुलापाशी पाणी प्यायला थांबलो होतो. नदीला पाणी कमी होतं, वाळूवर बगळे होते. तू तळहात चोळत होतास. सहज म्हणालास, "विजू, तुही सायकल दे न जरा. पुलाच्या त्या टोकापर्यंत. पाहून घेतो, मलेच नाई जमत का सायकलच तशी आहे."

मी नाही म्हणालो. सीट माझ्या मापानं बसवली आहे, हलली की पुन्हा जमत नाही, असं काहीतरी. सीट हलवायचीच नव्हती. तसाच बसला असतास तरी बरोबर बसला असतास. पुलाच्या त्या टोकाला पोचायच्या आत तुला सगळं कळलं असतं, म्हणून मी दिली नाही. तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "राहू दे. मशीनचं काम नाजूक राहते." आणि आपल्या सायकलीवर चढायला दगड शोधू लागलास, कारण दगडाशिवाय तुला चढता येत नव्हतं.

पावसाळ्यात तू ती टांगलीस. पुढे खाली काढली नाहीस. "आपलं अंगच नाई बनलं त्याच्यासाठी," म्हणायचास. लोकांना असं सांगायचास, आणि तुझाही त्यावर विश्वास बसला होता. वहिनींचा तर होताच. त्या तुला सोडत नसत. मी चहाला आलो की माझ्यासमोर सुनवायच्या. लोकांच्या घरी फरशी पायाखाली राहते, आमची भिंतीवर टांगली आहे. तू बशीत चहा ओतत राहायचास. एकदाही म्हणाला नाहीस की विजूनं निवडून दिली. म्हणू शकला असतास. ते खरंही होतं, आणि तेवढ्यानं तुझी सुटका झाली असती.

वहिनी बोलायच्या, तू ऐकायचास, आणि मी बिस्कीट बुडवायचो.

पुढे ग्रूप वाढला. मास्तर आले, फॉरेस्टचे दोघं आले, सावकाराचा पुतण्या आला. नवीन कुणी सायकल घ्यायची म्हटली की मला विचारायचे. त्या भागात मी सायकलीतला जाणता ठरलो. तूही असायचास, पण सायकलीशिवाय. रविवारी आम्ही परतायच्या वेळी तू व्याहाडच्या वळणावर कॅन घेऊन उभा असायचास. थंड आंबील, उकडलेल्या शेंगा. कुणी विचारलं, शालिकभाऊ, तुमची सायकल कुठी, तर म्हणायचास, "माहेरी गेली. येते म्हनते, येत नाई." मूलच्या रस्त्यावर जंगलात माझ्या दोन्ही ट्यूबा फुटल्या तेव्हा फोन केला आणि तू पिकअप घेऊन आलास. माझी काळी सायकल तू स्वतः उचलून मागे ठेवलीस, आणि खाली गोणपाट टाकलास, ओरखडा पडू नये म्हणून. तुझे उपकार मोजायला बसलो तर असेच निघतात, मला जिथे दुखतं तिथेच हात ठेवणारे.

आणि टपरीवरचा तो दिवस. मास्तरांना नवी सायकल घ्यायची होती. मी नेहमीच्या तालात सांगत होतो की पैसे कमी असतील तर रंग सोडा, गिअर सोडा, नाव सोडा, पण मापात तडजोड करू नका. मोठी सायकल घेतली तर मान धरते, हात बधिर होतात, थांबताना माणूस पडतो, आणि शेवटी त्याला वाटतं की दोष आपल्याच अंगात आहे. मी बोलत गेलो. तू बाकावर माझ्या शेजारी बसला आहेस हे मी विसरलो होतो.

मास्तर गेल्यावर तू तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिलास. मग म्हणालास, "बरोबर सांगून राह्यला विजू. त्याले त्याच्या मापाचीच पाहून दे."

बस, एवढंच. तुला तेव्हा कळलं का? की आधीच, पुलावरच कळलं होतं? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. त्यानंतरही तू रविवारी आंबील घेऊन उभा राहिलास. कळूनही उभा राहिला असशील तर मी तुझ्यासमोर फारच लहान आहे. आणि कळलंच नसेल, तर तू स्वतःच्या अंगाला दोष देत गेलास. दोन्हींपैकी कुठलं बरं, हे मी रोज सकाळी ठरवतो आणि रोज बदलतो.

तुझं हृदय थांबलं. तलावावरून गडचिरोलीकडे नेताना, वाटेतच. सायकल चालवली असतीस तर वाचला असतास असं कोणताही डॉक्टर म्हणणार नाही, आणि तेवढं मोठं ओझं मी उचलायलाही जात नाही. कधीकधी वाटतं की ते मोठं ओझं उचलून दाखवणं सोपं आहे. मोठ्या पापात माणूसही जरा मोठा दिसतो. माझं पाप लहान आहे. चांगली वस्तू समोर दिसली, ती तुझी होती, आणि मी ती घेतली. मग ते झाकायला तुला पडू दिलं, दुखू दिलं, स्वतःला नालायक समजू दिलं.

तेरवीच्या दिवशी मांडवात ग्रूपमधले सगळे आले होते. जेवणं आटोपली होती. फॉरेस्टवाल्यांपैकी एकानं वहिनींना म्हटलं, भाऊंना सायकलची फार हौस होती. वहिनी पडवीकडे बघत म्हणाल्या, "हौस होती, जिद्द नव्हती. डाक्टर सांगून सांगून थकला. सुरू करे अन् सोडून दे. स्वताच्या जिवासाठी एवढं केलं नाई त्यायनं." रागानं म्हणाल्या नाहीत. थकून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमी तं पाह्यलं आहे, विजूभाऊ. खरं नाई का?"

आणि मी मान हलवली. होकाराची.

त्यांना ती मान पुरली. त्या म्हणाल्या, ती सायकल आता तुमच्याच ग्रूपमधल्या कोनाले देऊन टाका, मले डोळ्यासमोर नको. मी बघतो म्हणालो. अजून आणलेली नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात अजून मातीच आहे. शेणानं सारवलेली, तुझ्या पाहुण्यांच्या पायांनी उखडलेली.

हे लिहून झालं की मला हलकं वाटेल असं मी धरून चाललो होतो. तसं वाटत नाही, आणि वाटायला नकोच. तुला उद्देशून लिहिणं म्हणजे पुन्हा सोपी वाट धरणं आहे. तू काही उलट बोलणार नाहीस. जी बोलू शकते, ती बाई पन्नास पावलांवर राहते. तिचा नवरा जिद्द नसलेला होता, त्यानं तिच्यासाठी स्वतःचा जीव जपला नाही, असं समजून ती उरलेलं आयुष्य काढणार आहे. दुखऱ्या हातांनी तू किती सकाळी तसाच निघाला होतास ते फक्त मी पाहिलंय.

मंदावहिनींसमोर बसून, तोंडानं, तुझी चूक नव्हती आणि माझी होती, एवढं सांगणं मी तुझं देणं लागतो. आज हे लिहीपर्यंत ते दिलेलं नाही.